टाचणीबाईंचं एकच खोटं

आमच्या शाळेत गणिताच्या बाईंना मुलं टाचणीबाई म्हणायची. एक तर त्या कुठलेही दोन कागद स्टेपल करत नसत, टाचणीच लावत. आणि दुसरं म्हणजे त्या जे बोलत ते टोचायचं. शिक्षकखोलीतही त्यांच्यामागे हेच नाव चालायचं, आणि बाईंना ते ठाऊक होतं. एकदा एका नव्या सरांच्या तोंडून ते त्यांच्यासमोरच निसटलं, तर बाई म्हणाल्या, "टाचणी निदान काढता तरी येते," आणि पुढची वही तपासायला घेतली.

त्या थोरल्या बहिणीबरोबर शाळेमागच्या गल्लीत दोन खोल्यांत राहत. लग्न केलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. एकतीस वर्षांत त्यांनी चाचणीचे पेपर दुसऱ्या दिवशी सकाळी परत दिले नाहीत असं एकदाही झालं नाही. एकदा बेरजेत अर्धा गुण कमी पडला हे रविवारी घरी लक्षात आलं, तर त्या बस पकडून मुलाच्या घरी गेल्या, तो अर्धा गुण वाढवला, सही केली आणि पाणीसुद्धा न पिता परत आल्या. मुलगा झोपला होता म्हणे. त्याच्या आईला वाटलं, बाई तक्रार घेऊन आल्या.

मी त्याच शाळेच्या कचेरीत होते. शाळा आंतरराष्ट्रीय, म्हणजे परीक्षा बाहेरच्या मंडळाच्या आणि फी ऐकून डोळे पांढरे व्हावेत अशी. माझ्याकडे शेवटच्या दोन वर्षांचं काम होतं. अकरावीला मुलांनी विषय निवडायचे, बारावीला विद्यापीठांना अर्ज करायचे, आणि या दोन्हींच्या मधले सगळे कागद माझ्या टेबलावरच्या ट्रेमधून जायचे. बाई वयानं माझ्यापेक्षा आठ-नऊ वर्षांनी मोठ्या. मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याच खोलीत यायच्या, कारण शिक्षकखोलीत फार बोलतात म्हणे. मी कमी बोलते असं माझ्याबद्दल समजणारी ती जगातली एकटी बाई.

विषय निवडायची संध्याकाळ म्हणजे आमच्याकडे मोठी गंमत. सभागृहात प्रत्येक विषयाचं एक टेबल, त्यामागे त्या विषयाचे शिक्षक. मुलांनी तीन विषय घ्यायचे, तीन रकान्यांतून एकेक. एका रकान्यातले दोन घेता येत नाहीत, कारण त्यांचे तास एकाच वेळी असतात. पालक टेबलाटेबलाशी जाऊन एकच विचारतात, याला स्कोप कितपत आहे. एक गृहस्थ तर कुठल्या विषयातून पुढे किती पगार मिळतो याचा तक्ताच छापून घेऊन आले होते. इतिहासाच्या सरांच्या टेबलावर गर्दी नसायची, म्हणून ते बिस्किटांची बशी ठेवत. मुलं बिस्किटं उचलून अर्थशास्त्राच्या रांगेत जायची.

माझी लेक अकरावीत गेली त्या वर्षी मात्र ती बिस्किटांशिवाय अर्धा तास त्या टेबलाशी उभी होती. कर्मचाऱ्यांच्या मुलांना फी माफ असते म्हणून ती आमच्या शाळेत. तिचे बाबा परगावी नोकरीला, त्यामुळे शाळेचं सगळं मीच बघायची. गणित आणि इतिहास त्या वर्षी एकाच रकान्यात आले होते. मी तिच्या कोपराला धरून तिला गणिताच्या टेबलाशी आणलं. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि म्हणाल्या की हिला झेपेल, पण ही इकडे बघतच नाहीये. मी ते हसण्यावारी नेलं.

मी स्वतः शाळेत गणित सोडलं होतं. सोडलं आणि मग ज्या ज्या दारात गेले तिथे आधी तेच विचारलं गेलं. शेवटी फायली लावायला लागले. लेकीचं तसं होऊ द्यायचं नाही असं मी मनाशी धरून बसले होते. हे कारण खरं आहे. पण कारण खरं असलं म्हणून पुढे मी जे केलं ते बरोबर ठरत नाही.

विषय बदलायचा असेल तर पहिल्या तीन आठवड्यांत बदलता येतो. त्यासाठी पिवळा फॉर्म असतो. सोडायच्या विषयाच्या शिक्षकांची सही, घ्यायच्या विषयाच्या शिक्षकांची सही, मग तो माझ्या ट्रेमध्ये, आणि शेवटी पालकांची सही. तिसऱ्या शुक्रवारी चार वाजले की दार बंद. या बाबतीत मी फार कडक होते. चार वाजून दहा मिनिटांनी धापा टाकत आलेल्या एका मुलीला मी परत पाठवलं होतं आणि त्याचा मला अभिमानही वाटला होता.

दुसऱ्या बुधवारी माझ्या ट्रेमध्ये एक पिवळा फॉर्म आला. लेकीचं अक्षर. गणित सोडून इतिहास. दोन्ही सह्या झालेल्या. वर टाचणीनं एक चिठ्ठी लावलेली: 'सही करण्याआधी बोलून घे तिच्याशी.' लेकीला माझ्या हातात फॉर्म द्यायचा धीर झाला नव्हता, म्हणून तिनं तो बाईंकडे दिला होता. बाईंकडे दिलेला कागद पोहोचणारच, हे शाळेतलं शेंबडं पोरही सांगेल.

मी तो फॉर्म टेबलाच्या खणात ठेवला, शिक्क्यांच्या डब्याखाली. आज बोलू, उद्या बोलू असं करत राहिले. घरी ती माझ्या तोंडाकडे बघायची आणि मी भाजी ढवळत राहायची. विसरले असं मी नंतर कितीतरी वेळा स्वतःला सांगून पाहिलं. पण शिक्का काढायला तो खण मी दिवसातून दहा वेळा उघडत होते.

तिसऱ्या शुक्रवारी साडेचार वाजता, शाळेतून घरी चालत जाताना, लेकीनं विचारलं, "आई, माझा फॉर्म आला का गं?"

मी म्हटलं, "कसला फॉर्म? माझ्याकडे काही आलं नाही."

ती रस्त्यातच थांबली. मग चालायला लागली.

शनिवार-रविवार माझा जीव टांगणीला लागला होता. सोमवारी ती बाईंना विचारणार, बाई सांगणार की बुधवारीच दिला, आणि माझं पितळ उघडं पडणार. तिचं ओरडणं ऐकून घ्यायची, रडून घ्यायची, सगळी तयारी मी करून ठेवली. सोमवारी संध्याकाळी लेक आली, दप्तर टाकलं आणि म्हणाली, "बाई म्हणाल्या, माझ्याकडून राहून गेलं. सॉरी म्हणाल्या."

बाईंना एका क्षणात सगळं कळलं होतं, आणि त्यांनी ते स्वतःच्या अंगावर घेतलं होतं. मला त्याच वेळी बोलता आलं असतं. मी विचारलं, चहा घेणार का.

एवढ्यावरच हे संपलं नाही. बाई मुख्याध्यापकांकडे गेल्या, चूक माझी आहे, मुलीचा विषय बदलून द्या म्हणाल्या. ते म्हणाले, आजवर कुणासाठी नियम मोडला नाही, आपल्या कचेरीतल्या बाईंनीच तो इतका काटेकोर पाळलाय. पुढच्या बैठकीत त्यांनी नाव न घेता सांगितलं की ज्येष्ठ शिक्षकांकडूनसुद्धा फॉर्म रखडतात, हे बरं नाही. सगळ्यांनी बाईंकडे पाहिलं. बाई समोरच्या वहीत बघत होत्या. बैठकीची टिपणं मी लिहायची, म्हणून ते वाक्यही मीच लिहिलं.

त्यानंतर दोन वर्षं. लेकीनं बाईंना नमस्कार करणं सोडलं. कॉरिडॉरमध्ये समोरून आल्या तर ही भिंतीवरची सूचना वाचायला लागायची. घरी त्यांचं नाव निघालं तर उठून जायची. मंगळवारी आणि गुरुवारी शाळा सुटल्यावर बाई तिला थांबवून घेत, तासभर गणित करून घेत. ही दात-ओठ खात जायची, हूं की चूं न करता यायची. आणि बाई मधल्या सुट्टीत डबा घेऊन माझ्याच खोलीत येत. लेक आज कुठे अडली, काय छान केलं, ते सांगत. त्या विषयावर एक अक्षर नाही. त्यांनी एकदा तरी मला झापावं असं वाटायचं. मी मूग गिळून बसले होते. माणूस कशाचीही सवय करून घेतं, हे कळून मला तेव्हा स्वतःचीच शिसारी आली.

बारावीत विद्यापीठांच्या अर्जांबरोबर अंदाजाचे ग्रेड पाठवावे लागतात. अंतिम परीक्षेत या मुलाला काय मिळेल, हे प्रत्येक शिक्षकानं चिठ्ठीवर लिहून सही करून द्यायचं, आणि मी ते कॉम्प्युटरवर भरायचं. त्यावरच विद्यापीठं ठरवतात. लेकीसाठी मी अर्थशास्त्राचं एक विद्यापीठ नक्की केलं होतं. नक्की केलं होतं म्हणजे मी केलं होतं. तिनं खांदे उडवले होते. तिथे गणितात ए लागायचा. बाईंच्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा आला. लेकीच्या चिठ्ठीवर बी होता.

मी चिठ्ठी घेऊन त्यांच्या वर्गात गेले. शाळा सुटली होती, त्या फळा पुसत होत्या. मी म्हटलं की दोन गुणांचा तर प्रश्न आहे, सराव परीक्षेत ती ए च्या अगदी जवळ होती, बाकीचे शिक्षक सगळे एक पायरी वर टाकतात. बाईंनी फळा पूर्ण पुसला, हात झटकले आणि पहिल्या बाकावर बसल्या. मलाही बसायला सांगितलं.

"ती बी ची मुलगी आहे गणितात," त्या म्हणाल्या. "तीसुद्धा माझ्यावरच्या रागानं झालेली. राग नसता तर सी असता."

मी म्हटलं, "बाई, तिच्या आयुष्याचा प्रश्न आहे."

"तेच तर." त्यांनी माझ्या हातातली चिठ्ठी घेऊन बाकावर ठेवली. मग अगदी हळू म्हणाल्या, "मी तुझ्यासाठी एकदा खोटं बोलले आहे. दुसऱ्यांदा नाही बोलणार."

मला वर बघवेना. त्या पुढे म्हणाल्या, "मला वाटलं, आठवड्याभरात तू स्वतःच सांगशील तिला. मग वाटलं, महिन्याभरात. तुझ्या मुलीचा तुझ्यावरचा विश्वास उडेल, त्यापेक्षा माझ्यावरचा गेला तर चालेल, असं तेव्हा वाटलं. चुकलंच माझं. त्यात तिची दोन वर्षं गेली." त्यांनी चिठ्ठी माझ्यासमोर सरकवली. "भरायचं काम तुझं आहे. ए टाकायचा तर टाक. मी तपासायला येणार नाही."

मी खोलीत येऊन कॉम्प्युटरसमोर बसले. ए टाकणं किती सोपं होतं हे मला इतर कुणाहीपेक्षा जास्त माहीत होतं. मी बी भरला. हे सांगताना मला शाबासकी नकोय. दोन वर्षांनी केलेली ती पहिली सरळ गोष्ट होती एवढंच.

दुसऱ्या दिवशी शनिवार होता. सकाळी लेक जेवणाच्या टेबलावर अर्जाचा निबंध लिहीत बसली होती, अर्थशास्त्राची मला कशी ओढ आहे यावर. तीन ओळी झाल्या होत्या. मी समोर बसले आणि सगळं सांगितलं. खणातला फॉर्म, चिठ्ठी, रस्त्यात बोललेलं खोटं. तिनं मध्ये कुठेही तोडलं नाही. माझं संपल्यावर तिनं एवढंच विचारलं, "बाईंना माहीत होतं?"

"हो."

"त्याच सोमवारपासून?"

"हो."

ती उठली, चपला घातल्या आणि गेली. कुठे ते विचारायची गरज नव्हती. तीन तासांनी परत आली. डोळे सुजलेले. तिथे काय बोलणं झालं ते तिनं मला आजतागायत सांगितलेलं नाही, आणि बाईंनीही नाही. पुढच्याच वर्षी बाई निवृत्त झाल्या. लेक अजून त्यांच्याकडे जाते, एकटी. मला कधी चल म्हणाली नाही.

त्या दिवशी दुपारी मात्र ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आवाजात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मी हा अर्ज करणार नाही. शाळेत एक वर्ष जास्त थांबणार, इतिहास घेणार. सरांना फोन केला मी, ते हो म्हणालेत. फॉर्म थेट मुख्याध्यापकांच्या हातात देणार आहे, तुझ्या ट्रेमध्ये नाही."

मी बरं म्हटलं.

"पालकांची सही लागते," ती म्हणाली, आणि पिवळा कागद टेबलावर ठेवला. "आत्ता कर. माझ्यासमोर."

मी पेन शोधलं. माझी सही पूर्ण होऊन पेन बाजूला ठेवेपर्यंत ती कागदाच्या कडेवर बोट ठेवून उभी होती.