उरलेल्या चार ओळी

रस्त्यात पडलेलं लिंबू-मिरची मी कधी वळसा घालून टाळलेलं नाही. असल्या गोष्टींवर माझा विश्वास नव्हताच... आता आहे का, तेही सांगता येत नाही.

मी अकोल्याची. अमरावतीत एम.टेक. करते, राजापेठेत रूम घेऊन राहते. माझ्या प्रोजेक्टमध्ये भिंतीवर लावायचं एक पॅनेल आहे. त्यातल्या चौसष्ट टाइल्स वायरलेस सिग्नल हव्या त्या दिशेला वळवतात. प्रत्येक टाइल थोडी वीज खाते. बिनकामाच्या टाइल्स शोधून त्या बंद करायच्या, म्हणजे वीज वाचेल. पण बंद करायची म्हणजे मागची वायर कापायची, म्हणून आधी हाताने झाकून तपासायची.

पॅनेल लॅबच्या एका टोकाला, सिग्नल मोजणारं मीटर दुसऱ्या. वलगावहून येणारे आमचे लॅब अटेंडंट वानखडे काका उजवीकडून एकेका टाइलवर तळहात ठेवायचे, मी रीडिंग लिहायचे. रीडिंग बरंच पडलं तर टाइल कामाची. नाही पडलं, तर काका म्हणायचे, "फुकट खाऊन राहिली हे. बंद कर इले."

मी "हो, काका" म्हटल्याशिवाय ते हात उचलत नसत. माझा आवाज मुळात बारीक.

"मोठ्यानं बोल ना बाप्पा. मले काय तुह्या मनातलं ऐकू येते?"

आठपैकी चार ओळी झाल्या आणि काका गेले. हार्ट अटॅक.

माझे गाइड सर म्हणाले, "सोमवारी सेमिनार आहे. अर्धं पॅनेल चालणार नाही." दुसऱ्या कोणाकडे मदत मागणं मला जमलं नाही.

शुक्रवारी दुपारी लॅबमध्ये मी एकटीच होते. पॅनेल सुरू केलं, मीटरपाशी बसले — आणि रीडिंग पडलं. पॅनेलजवळ कोणी नव्हतं. केबल तपासली, दोनदा. रीडिंग खालीच.

किती वेळ गेला कोण जाणे. मग मी पुटपुटले, "हो, काका."

काही नाही.

घसा साफ करून मोठ्याने म्हटलं. रीडिंग वर आलं. क्षणभराने पुन्हा पडलं, या वेळी जरासंच...

असं बत्तीस वेळा. दर आठांनंतर थोडा खंड — काका चष्मा पुसायचे, तेवढाच. मी लिहीत गेले. नंतर रीडिंग हललं नाही.

त्या यादीप्रमाणे वायर्स कापल्या. सोमवारी सर्वांसमोर सिग्नल टिकला, वीज बरीच कमी लागली. त्या दुपारचं कारण मात्र मला आजवर सापडलेलं नाही.

सेमिनारमध्ये सरांनी विचारलं, "उरलेल्या चार ओळींना हात कोणी लावला?"

"काकांनी," मी म्हणाले. मागच्या बाकापर्यंत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.