धवलारीण यायच्या आत

“हे माझं गाणं नाही.”

अनिकेत मांडवाच्या दारात उभा राहून एवढंच म्हणाला. पाठीला बॅग, हातात सगळ्यांसाठी आणलेली वडापावची पिशवी. आत आठ बायका नाचत होत्या, कॅमेरा चालू होता, स्पीकर दणदणत होता आणि प्रज्ञा मॉनिटरसमोर बसून खुशीत मान डोलावत होती.

“तूच केलंयस ना रे?” मी विचारलं.

“मी केलंय मॅडम, पण असं नाही केलंय. हे कोणीतरी फास्ट केलंय. ऐका ना. अजून फास्ट होतंय.”

मी कान देऊन ऐकलं. खरंच चढत होतं.

मी धंद्याने एडिटर. अर्धं आयुष्य मालिका कापण्यात गेलं, आता ठाण्यात एका मीडिया कॉलेजात शिकवते. आमच्याकडे नियम आहे की मुलांच्या शूटला एक शिक्षक हजर हवा. त्या दिवशी तो शिक्षक मी. सकाळी घोडबंदर रोडने नेहमीची कृपा केली, त्यामुळे मी पोचले तेव्हा निम्मं शूट उरकलं होतं आणि सगळे खूश होते. शूटवर सगळे खूश दिसले की मला संशय येतो. त्या दिवशी नेमका आला नाही.

प्रज्ञा दुसऱ्या वर्षाची. मोहन्याला राहते, वडील खोपटच्या एसटी डेपोत मेकॅनिक. वडिलांनी तिला सरळ सांगितलेलं की हे पिक्चरचं शिक्षण मला कळत नाही. दुसरं वर्ष पास झालीस तर तिसरं कर, नाहीतर गप बँकेच्या परीक्षा द्यायच्या. आणि दुसऱ्या वर्षाचा पास-नापास या एका म्युझिक व्हिडिओवर होता. गाणं वर्गातल्याच अनिकेतचं. डोंबिवलीच्या एका स्टुडिओत तो अर्धवेळ काम करतो, म्हणून उशिरा आलेला. हळदीत नाचायचं ठसकेबाज गाणं. ते कॉलेजने मंजूर केलेलं होतं.

जागा प्रज्ञाने झकास मिळवलेली. टॉवरांच्या मागे जे जुनं आगरी गाव उरलंय, तिथल्या एका घरी त्याच संध्याकाळी खरीखुरी हळद होती. मांडव सजलेला, झेंडूच्या माळा लागलेल्या, घरच्याच बायका नाचायला तयार. नवरदेवाच्या आईची, जयवंतीकाकूंची, अट एकच: “धवलारीण येवस्तोवर मांडव तुमचा. ती आली का बॉक्स बंद.” बॉक्स म्हणजे घरचा मोठा स्पीकर. धवलारीण म्हणजे आगरी लग्नात विधी सांगणारी आणि धवले, म्हणजे लग्नाची जुनी गाणी, गाणारी बाई. तिचं गाणं सुरू झालं की या घरात दुसरा आवाज चालत नाही. ती कधी येणार ते विचारलं तर काकू म्हणाल्या, “ती काय बस हाय टाइमावर याला?”

आता घोटाळा काय झाला ते सांगते. गाण्याच्या व्हिडिओत कॅमेऱ्यासमोर कोणी गात नाही. तयार गाणं स्पीकरवर वाजवतात, त्यावर नाचतात, ओठ हलवतात. याला प्लेबॅक म्हणतात. नंतर एडिटिंगला स्पीकरचा आवाज फेकून द्यायचा आणि त्या जागी मूळ स्वच्छ गाणं ठेवायचं. ते मूळ म्हणजे मास्टर. दोन्हींचा वेग एकच हवा, नाहीतर पाय एकीकडे आणि ढोल भलतीकडे.

सकाळी कॉलेजचा स्पीकर लॅपटॉपला जोडलाच जाईना. नवरदेवाची मोठी बहीण सुप्रिया, म्हणजे आमची मुख्य नाचणारी, म्हणाली, “माझे फोनवर हाय ना गाना.” तिचा फोन घरच्या बॉक्सला लगेच जोडला गेला. सगळ्यांनी हुश्श केलं आणि कामाला लागले.

पण तिच्या फोनवर होतं ते गावच्या डीजेने केलेलं. प्रज्ञानेच प्रॅक्टिससाठी गाणं पाठवलेलं, ते फिरत फिरत डीजेकडे गेलं. आणि हळदीचा डीजे कुठलंही गाणं एका वेगात ठेवत नाही. बायका रंगात आल्या की तो हळूहळू चढवत नेतो, म्हणजे कोणी खाली बसत नाही. सुरुवात अगदी मास्टरसारखी. म्हणून कोणाच्या लक्षात आलं नाही. बायकांनी रोज संध्याकाळी त्याच्यावरच प्रॅक्टिस केलेली, त्यांना तर तेच खरं गाणं.

मी लॅपटॉप उघडला. सकाळचा एक शॉट घेऊन खाली मास्टर लावला. पहिली ओळ, छान. दुसरी, ठीक. मुखडा संपता संपता सुप्रियाचे ओठ पुढे, गाणं मागे. अंतऱ्यात तर बायका गिरकी मारून उभ्या राहिल्यावर ढोल वाजत होता.

“एडिटमध्ये स्लो करता येईल ना मॅडम?” कॅमेऱ्यावरच्या तेजसने विचारलं.

“करून बघ.”

त्याने केलं. आपला कॅमेरा सेकंदाला पंचवीस फोटो काढतो. तेच फोटो ताणले की मध्ये जागा पडते आणि चित्र अडखळतं. वर वेग सतत बदलता, म्हणजे प्रत्येक तुकडा वेगळा ताणायचा. नाच असा दिसायला लागला की बायकांना कोणी भूल दिलीय.

प्रज्ञा शॉटची यादी घेऊन एकेका ओळीवर काट मारत बसली. एरवी तिची टकळी चालू असते. मला ती आरडाओरडा करणारी प्रज्ञा परवडली असती.

मी एचओडी सरांना, म्हणजे आमच्या विभागप्रमुखांना, फोन लावला.

“सर, प्लेबॅक वेगळ्या व्हर्जनवर झालाय. अनिकेतने मास्टरच तसा फास्ट करून दिला तर चालेल?”

“अप्रूव्ह्ड ट्रॅक बदलायचा नाही, मॅडम.”

“सर, अहो मुलीचं वर्ष आहे.”

“नियम तुमच्याच कमिटीने केलेत.”

खरंच आम्हीच केलेले. मी फोन ठेवला आणि मनातल्या मनात कमिटीला दोन शिव्या घातल्या. अनिकेतही नाक फुगवून बसलेला. “मी तसंही देणार नाही. चढवत नेलं की माझी अख्खी बासरी चिमणीसारखी वाजते.”

मग एकच रस्ता. मास्टर लावून पुन्हा सगळं शूट करायचं. बायकांना समजावलं, त्या बिचाऱ्या उभ्या राहिल्या. गाणं लागलं. आणि सगळा विचका झाला. पायांना जलद ठेक्याची सवय. प्रत्येक ठेक्याला त्या आधी पोचायच्या आणि ढोलाची वाट बघत थांबायच्या. दोघी एकमेकींवर आदळल्या. सुप्रिया कमरेवर हात ठेवून म्हणाली, “याच्यावर पायच उचलत नाय गो मॅडम. झोप येते.”

“झोप?” अनिकेत उसळला.

“तुला नाय रे बोलले. तुझे गान्याला बोलले.”

बायका खदखदून हसल्या. अनिकेतचा चेहरा बघण्यासारखा झालेला, पण मला हसू येईना. काकू दर पाच मिनिटांनी रस्त्याकडे बघून येत होत्या. पाटावर हळदीची ताटं मांडायला सुरुवात झालेली.

प्रज्ञा उठून मांडवामागे गेली. रडायला गेली असणार. मी मागे गेले नाही. अशा वेळी मास्तरांनी पाठीवर हात ठेवला की पोरं अजून ढेपाळतात.

ती परत आली ती तोंड धुऊन. “मॅडम, स्लो मोशनला आपण गाणं डबल स्पीडने वाजवतो ना?”

“हो.”

“कॅमेरा डबल फोटो काढतो, म्हणून मग दाखवताना ओठ बरोबर जुळतात. हो ना?”

“हो गं, पुढे?”

“मग डबलच कशाला पाहिजे? थोडंसंच केलं तर?”

मी तिच्याकडे बघतच राहिले. अगदी बरोबर होतं. बायकांना जलद हवं ना? वाजवू जलद. पण कॅमेराही तेवढाच जास्त पळवायचा. पंचवीसच्या जागी अठ्ठावीस फोटो, आणि गाणं त्याच हिशोबात फास्ट. नंतर तेच फोटो पंचवीसने दाखवले की नाच आपोआप मास्टरच्या वेगाला येऊन बसतो. काही ताणायचं नाही, काही अडखळत नाही. अनिकेतचं गाणं जसंच्या तसं, आणि कमिटी गेली खड्ड्यात.

“अनिकेत, चढत जाणारं नको. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगात. फक्त शूटपुरतं वाजेल.”

“पण बासरी?”

“बासरी कोणालाही ऐकू जाणार नाही. कर लवकर!”

त्याने तिथेच करून दिलं. आता नवीन अडचण. या मोडमध्ये आमचा कॅमेरा आवाजच घेत नाही. मग कुठला शॉट गाण्यावर कुठे बसवायचा ते कळणार कसं? गाण्याच्या आधी तीन बीप टाकले, तिसऱ्या बीपला तेजसने कॅमेऱ्यासमोर टाळी वाजवायची. टाळी दिसली की मला जागा सापडते. या वेळी गाणं अनिकेतच्याच फोनवरून लावलं आणि दुसऱ्या कोणाला बॉक्सजवळ फिरकू दिलं नाही.

पहिल्याच टेकला मांडव हलला. सुप्रिया ओरडली, “हां! आता गाना जागा झाला!” अनिकेत दात ओठ खात बॉक्सजवळ बसून राहिला. प्रज्ञाने मग एकदाही मॉनिटरसमोर बूड टेकलं नाही. मुखडा समोरून, मुखडा बाजूने, पाय, हात, गिरकी. बायका घामाने निथळत होत्या. एक काकी म्हणाली, “संध्याकाळी नाचाला जीव ठेव गो आमचा,” तरी परत उभी राहिली. मला त्या बायकांच्या पाया पडावंसं वाटत होतं.

उरला एकच शॉट. सगळ्यात महत्त्वाचा. अंतरा, सुप्रियाचा एकटीचा क्लोजअप, ओठ हलताना. तो नसेल तर गाण्याचं अर्धं मिनिट दाखवायला काही नाही.

आणि दारात धवलारीण आजी आल्या. नऊवारी, हातात पिशवी. त्यांनी चपला काढल्या, पाटावर बसल्या, पाणी मागितलं.

काकू म्हणाल्या, “झाला. बॉक्स बंद करा.”

“काकू, एकच शॉट. दोन मिनिटं,” प्रज्ञाने हात जोडले.

“नाय गो पोरी. बोललेले ना? माझे पोराची हळद हाय.”

त्यांचं काहीच चुकत नव्हतं. मी स्वतः जाऊन बॉक्स बंद केला. दुसऱ्याच्या घरच्या लग्नापुढे आमचा प्रोजेक्ट काय? पण प्रज्ञाच्या चेहऱ्याकडे बघवेना. आजी पाणी प्यायल्या, त्यांनी घसा साफ केला आणि संथ आवाजात पहिला धवला सुरू केला. बायका भोवती जाऊन बसायला लागल्या.

प्रज्ञा काकूंच्या कानाशी लागली. “काकू, आवाज नाही करणार. अजिबात नाही. ताईला फक्त तिथे कोपऱ्यात उभी राहू दे.”

“आवाज नाय, तं गाना कसा?”

प्रज्ञाने खिशातून आपला वायरलेस इयरफोन काढून दाखवला. एका कानाचा. काकूंनी तो बघितला, आजींकडे बघितलं. आजी डोळे मिटून गात होत्या. “आवाज आला तं बघ,” काकू म्हणाल्या आणि वळल्या.

अनिकेतच्या फोनला जोडलेला इयरफोन सुप्रियाच्या कॅमेऱ्याला न दिसणाऱ्या कानात, वर गजरा ओढून घेतला. कॅमेरा आवाज घेतच नव्हता, त्यामुळे आमचं काही अडत नव्हतं. अडत होतं तिचं. एका कानात धडधडणारं गाणं, दुसऱ्या कानात आजींचा धवला, आपल्याच तब्येतीत चाललेला. पहिल्या टेकला ती दुसऱ्याच ओळीला धवल्यात गेली. ओठही धवलाच म्हणायला लागले.

“सॉरी, सॉरी,” ती पुटपुटली. “लहानपनापासून ऐकलाय ना.”

“ताई, माझ्याकडे बघा,” प्रज्ञा कुजबुजली. दुसरा इयरफोन तिने स्वतःच्या कानात घातला आणि कॅमेऱ्याला गाल लावून उभी राहिली. तिसऱ्या बीपला तिने खूण केली आणि तेजसने टाळी वाजवल्यासारखे हात नुसते जुळवले. प्रज्ञा आवाज न करता एकेक शब्द ओठांनी म्हणत गेली, सुप्रिया तिच्याकडे बघत म्हणत गेली. मांडवात फक्त आजींचा आवाज. मी एवढ्या मालिका कापल्या, पण एका शॉटसाठी देवाचं नाव घेतलं ते त्या दिवशी.

अंतरा संपला. सुप्रियाने कानातला इयरफोन काढून प्रज्ञाच्या हातात दिला आणि हळद लावायला जाऊन बसली. आम्ही सामान उचललं, आवाज न करता.

रात्री घरी क्लिप लावून बघितली. ओठ जुळत होते. पण मला वेगळंच काही दिसलं. प्रज्ञाकडे एकटक बघत राहिल्यामुळे सुप्रियाचे डोळे असे दिसत होते की ती कोणालातरी सोडून चाललीय. हळदीच्या गाण्यात हे कोणी लिहिलेलं नव्हतं. तो शॉट मी प्रज्ञाला कापू दिला नाही.

कॉलेजच्या स्क्रीनिंगला पालकांनाही बोलावतात. प्रज्ञा पास झाली, चांगल्या ग्रेडने. एचओडी सर म्हणाले, “मास्टरवरच केलंत ना? मग एवढा फोन कशाला केलात?” मी हसून लॅपटॉप बंद केला. शिकवताना आता एवढंच सांगते की गाणं मंजूर कॉलेज करतं, पण नाचणारे पाय कुठलं गाणं शिकलेत ते जाऊन बघा.

हॉल रिकामा झाल्यावर प्रज्ञाचे वडील माझ्याकडे आले. डेपोतून थेट आलेले, शर्टाच्या बाहीला ग्रीसचा डाग.

“मॅडम, पूर्ण बघितलं. ती कुठे दिसलीच नाही.”

“ती कॅमेऱ्यामागे होती. ती बाई एकटी गाते ना, ती हिच्याकडेच बघतेय.”

त्यांनी वळून रिकाम्या पडद्याकडे बघितलं. मग खिशातून एक घडी केलेला कागद काढला.

“रविवारी तिची बँकेची परीक्षा आहे. मीच फॉर्म भरलेला. हे हॉल तिकीट.”

“मग?”

“मग काय,” ते म्हणाले, “गेलं फुकट.” आणि कागद चुरगळून त्यांनी दाराजवळच्या डब्यात टाकला.