नवव्या मजल्यावर पूर

चार म्हातारे लिफ्टसमोरच्या कट्ट्यावर बसले की किस्से बुरशीसारखे वाढतात. कोणी लावत नाही, कोणी पाणी घालत नाही. आमच्या बिल्डिंगीत तर ओल फार!

आम्ही सगळे मुसी नदीकाठचे, अफझलगंजच्या मागले. घरं पाडायची म्हणून दारावर लाल रंगाची खूण झाली, मागोमाग टेम्पो आला, आणि शहराच्या टोकाला नवव्या मजल्यावर आणून टाकलं. घर पक्कं आहे, खोटं कशाला बोलू? पण माझा शेजारी किशन आलाच नाही. नुसतं त्याचं अंग आलं. झोप नाही, जेवण नाही. देव अजून टेम्पोतून आणलेल्या गाठोड्यातच!

"अरे, खिळा ठोक, फळी लाव, देव मांड," मी म्हणलं.

"खिळा ठोकला की काढावा लागतो, दादा."

*

एकदा जोराचा पाऊस लागला. किशनच्या बायकोनं, गिरजानं, तांदळाचा डबा पलंगावर चढवला. नदीकाठी उभा जन्म तेच केलेलं! मी ओरडलो, "बाई, नवव्या मजल्यावर पूर येतो का?"

"हितं आपण येऊ असं तरी कुणाला वाटलं होतं, भावजी?"

मी माझ्या घरी आलो. आमचा डबा खालीच होता. वर ठेवला.

*

मग किशन न सांगता बस धरून गेला. गिरजा रडून बेजार. शोधत गेलो, तर हा जुन्या जागी, मोकळ्या मैदानात अनवाणी उभा. वॉचमन हाकलतोय, काय पाहिजे विचारतोय, "क्या होना चाचा?"

किशन त्याच्या पायांकडं बघून म्हणतो, "चप्पल निकालो मियाँ, ये रसोई है!"

*

मग त्याला कोठी भागातल्या डॉक्टरकडं नेला. डोक्याचा म्हणलं असतं तर आला नसता, झोपेचा म्हणलं. डॉक्टर भला माणूस.

"डोळे मिटले की काय दिसतं?"

"टेम्पो."

"आणि उघडले की?"

"आला का बघतो."

डॉक्टरनं गोळ्या दिल्या. मला म्हणाला, यांच्याशी बोलत राहा. माझ्या तोंडाला औषध म्हणणारा हा पहिलाच!

*

गेल्या रविवारी पोलिओवाल्या बाया आल्या. समोरच्या लेकराला थेंब पाजले, दारावर खडूनं खूण केली. झालं! खूण बघून आख्ख्या मजल्यानं भांडी बांधली. शेगड्या सुटल्या, गाद्या गुंडाळल्या. मीसुद्धा रेडिओ चादरीत बांधला. बाया परत येऊन ओरडल्या, "अहो, थेंबांची खूण आहे ती!"

सगळे हसले. किशन जिन्यात बसला होता, गाठोडं छातीशी. मी शेजारी बसलो. औषध द्यायचं होतं, तोंडच उघडेना.

*

परवा किशननं माझं दार वाजवलं. "दादा, हातोडा आहे का?"

मी दिला. भिंतीपलीकडून ठाक ठाक ऐकू आलं. मी बायकोला म्हणलं, "नारळ काढ. देव बसताहेत!"

नारळ घेऊन गेलो. दाराजवळ खिळा ठोकलेला, चांगला मजबूत. त्यावर गाठोडं टांगलेलं. गाठ तशीच. गिरजा गाठोड्यालाच हळदकुंकू लावत होती.

किशननं माझ्या हातातला नारळ घेतला, कपाळाला लावला.

"दादा," तो म्हणाला, "हातोडा राहू द्या आमच्याकडंच. खिळा काढताना लागंल."