पापलेटाचा डोळा

तव्यावर पापलेट चरचरलं की मला बोईसरचं ते हॉटेल आठवतं. मुरबे गावाहून पहाटेची ताजी मासळी घेऊन गेलेल्या माझ्या आईला मालकाने भरल्या हॉटेलात सुनावलं होतं, "शिळे मासे माझ्या गळ्यात मारतेस?" आठवड्याने मी तिथेच जेवायला बसले आणि जेवता जेवता वहीत त्याचं चित्र काढलं. मिशा रुबाबदार, हातात अख्खं पापलेट, पण पापलेटाचा डोळा मुद्दाम खोल गेलेला, पांढुरका. मेला खूश! चित्र फ्रेम करून त्याने गल्ल्यामागे टांगलं. येणाऱ्या कोळणी पदराआड हसायच्या, "डोला बघ गो, शिला हाय!" परवा त्याने तेच चित्र बाहेरच्या पाटीवर मोठं करून मागितलं. मी म्हटलं, फुकट काढून देते.