फुकट वाटणारा चोर

ती घटना आठवली की आजही माझ्या मिशा आधी ताठ होतात आणि मग मुकाट्याने खाली येतात. मी ठाणेदार होतो, पण ठाण्याचं नाव सांगत नाही. वर्धा जिल्हा होता, दोन हजार सालानंतरचा एक मे महिना होता, आणि ऊन असं की लॉकअपमधले आरोपी म्हणायचे, "साहेब, जामीन राहू द्या, माठातलं पाणी द्या."

सकाळच्या हजेरीलाच गावातला कापसाचा एक मोठा व्यापारी येऊन बसला. आम्ही सगळे त्याला शेठ म्हणायचो.

"साहेब, तो कम्प्युटर क्लासवाला मास्तर चोरीच्या सीड्या वाटून राह्यला. गावभर. अन् त्याच्या कम्प्युटरात एक गुप्त फाइल हाय. ते पह्यले उघडा."

चोरीच्या सीड्या म्हणजे कॉपीराइटची केस. दोन पंच घेऊन तासाभरात छापा घातला. मास्तर चाळिशीचा, पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचा. दार उघडलं आणि त्याने हवालदाराच्या हातात स्वतःहून दोन सीड्या ठेवल्या.

"घ्या न साहेब, लिनक्स हाय, कम्प्युटर चालवाचा प्रोग्राम. एक घरी लावजा, एक सोयऱ्याले देजा."

"कितीला?"

"फुकट."

हवालदाराने माझ्याकडे पाहिलं, मी हवालदाराकडे. चोर माल लपवतो, विकतो, फार तर नाल्यात फेकतो. वाटत नाही. पण फुकट मिळतंय म्हणजे चोरीचंच, हे आमच्या खात्यात बाळकडूसारखं पाजलेलं. हवालदाराने पंचनाम्यात लिहिलं, 'आरोपी माल विनामूल्य वाटत असताना रंगेहाथ मिळून आला.' मास्तरने मला एक कागदही दिला, इंग्रजीत, बारीक अक्षरांचा. "हे परवानगीपत्र हाय," म्हणाला. तो कागद मी वर्ध्याला सरकारी वकिलांकडे धाडला आणि कम्प्युटर ठाण्यात आणून मास्तरकडूनच जोडून घेतला.

फाइल सापडली. उघडली तर पडद्यावर नुसता अक्षरांचा चिवडा.

"काय आहे यात?"

"बायकांची नावं."

झालं! मी टेबलावर अशी मूठ आपटली की शेजारच्या तहसील कचेरीतले रबरी शिक्के उडाले. "कोणत्या बायका? उघड आधी!"

"माह्याकडे किल्ली नाई साहेब. मी फक्त सांभाळतो."

बावीस वर्षांच्या नोकरीत 'किल्ली माझ्याकडे नाही' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं होतं की झोपेतही त्याला पुढचा प्रश्न विचारला असता. तीन तास चौकशी चालली. ओरडलो, चहा पाजला, रिमांडची भीती घातली. मास्तर घामाने निथळला, पण हलला नाही. शेवटी त्यानेच मला विचारलं.

"साहेब, तुमच्या फाटकावर तक्रारपेटी हाय. चिठ्ठी कोनीबी टाकते. पेटी शिपाई सांभाळते. किल्ली कोनाकडे?"

"माझ्याकडे."

"मंग शिपायाले कितीबी दाबा, तो काय उघडून दाखवीन? मी शिपाई हाय. किल्ली दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईकडे. अन् गंमत सांगू का? हे फाइलीचं कुलूप कसं बनवलं, त्याचा नकाशा साऱ्या दुनियेले उघडा हाय. कोनीबी वाचा. नकाशा वाचून बी जे उघडत नाई, तेच पक्कं कुलूप."

हे सांगताना त्याचा चेहरा असा उजळला, जणू तो आरोपी नसून पहिल्या दिवाळसणाला आलेला जावई होता.

दुपारी डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. दवाखान्यात रक्त तपासून ज्या बायकांना 'तो' आजार निघाला, त्यांची ती यादी होती. बहुतेकींना नवऱ्याकडून आलेला. आधी कागदी रजिस्टर होतं. कोणीतरी ते चाळलं, आणि एका बाईला सासरच्यांनी मुलांसकट घराबाहेर काढलं. मग मास्तरने हे कुलूप बसवून दिलं. नर्स नावं टाकून बंद करते, एक जादा प्रत मास्तरकडे राहते.

"मग तुम्ही उघडा," मी म्हटलं.

"कोर्टाचा हुकूम आणा, न्यायाधीशांसमोर उघडीन. तुमच्या या खोलीत नाही. तो बघा, तुमचा शिपाई दाराला कान लावून उभा आहे."

खरंच उभा होता.

तेवढ्यात शेठ आला. दिवसातली चौथी खेप. "साहेब, फाइल उघडली का?"

इथे माझं डोकं चाललं. सीड्यांची खबर देणारा माणूस सकाळनंतर तीनदा आला, आणि सीड्यांबद्दल चकार शब्द नाही! मी त्याला बाजूच्या खोलीत नेलं, दार लावलं आणि गंभीर चेहऱ्याने खोटं बोललो. "उघडली शेठ. कोणाचं नाव पाहू?"

शेठ माझ्या कानाशी वाकला. "पोराची सोयरीक जुळून राह्यली. पोरीची माय त्या दवाखान्यात जाते म्हनतात. नाव हाय का नाई, तेवढं सांगा. मंग आमी नाई म्हनाले मोकळे."

सोयरिकीची चौकशी करायला अख्खं पोलीस ठाणं जुंपणारा हा पृथ्वीतलावरचा पहिला वरबाप असावा.

"फाइल बंद आहे," मी म्हटलं, "आणि बंदच राहील. खोट्या खबरीचं कलम मला पाठ आहे, म्हणून दाखवू?"

"नोका साहेब, नोका!" शेठ चप्पल शोधत बाहेर पडला. ती सोयरीक झाली की मोडली, मी कधी विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सरकारी वकिलांचा फोन आला. "अहो, या कागदात लिहिलंय, कॉपी करा, वाटा, आणि पुढच्यालाही वाटू द्या. याला मी कोणतं कलम लावू?" सगळा माल रीतसर पावती घेऊन परत केला. मास्तर जाताना ठाण्याची लिखापढी करणाऱ्या आमच्या रायटरला एक सीडी देऊन गेलाच.

आमच्या धंद्यात गुपित दिसलं की गुन्ह्याचा वास येतो. नाकाला तशी सवयच लागते. त्या केसनंतर मी तपासात एक प्रश्न वाढवला: हे गुपित फुटलं तर मार कोणाला बसेल? उत्तर गुन्हेगार असेल तर खुशाल फोडावं. दुसरं कोणी असेल तर आपली खुर्ची जरा मागे सरकवावी.

दोन महिन्यांनी साध्या कपड्यात त्या दवाखान्यावरून जात होतो. बाहेर ही रांग! अल्लीपूरच्या, पवनारच्या, कुठकुठल्या बायका बसने आलेल्या. एक तरुण बाई दारातून माघारी वळत होती, तर रांगेतल्या म्हातारीने तिचा हात धरला.

"जाय न वं माय, भेऊ नोको. नाव नाई फुटत इथं. थे फाइल ठानेदाराच्यानं बी नाई उघडली!"

तरुण बाईने साक्षीला माझ्याकडे पाहिलं. माझ्या अपयशाची कीर्ती बसच्या वेगाने जिल्हाभर गेली होती.

"खरं आहे ताई," मी म्हणालो. "मी ऐकलंय, फार जोर लावला होता त्याने."

ती आत गेली.