लेकीच्या गावातला सामना

बाहत्तरचा दुष्काळ सरला आणि आबा, म्हणजे माझे वडील, फौजेतून पेन्शनीत आले. गप्प बसणं त्यांच्या कुंडलीतच नव्हतं. देशात पगारी खेळाडूंची फुटबॉल लीग कुणी काढत नाही, म्हणून त्यांनीच काढली. चार गावांचे चार संघ, आणि हंगामाअखेर प्रत्येक खेळाडूला गुळाची एक ढेप, हा पगार. जतकडच्या संघातले दोघे घरी कानडी बोलत; तेवढ्यावर आबांनी लीग राष्ट्रीय करून टाकली.

निम्मा हंगाम झाला तेव्हा एक गोष्ट उघड झाली. जो संघ पाहुणा म्हणून जाई, तो हरे. यजमान गाव सामन्याआधी पंगत बसवी, आणि पंगतीत नको म्हणणं म्हणजे यजमानाचा अपमान. आमच्या कोरेगावकडच्या गावात लोणंदकडचा संघ आला, तेव्हा पुरणपोळ्या मीच वाढल्या. त्यांचा गोलकीपर नऊ खाऊन उभा राहिला आणि खांबाला टेकून डुलक्या घेऊ लागला. आम्ही चार गोलांनी जिंकलो.

महिन्याभरात त्याच गोलकीपरशी माझं लग्न लागलं. आबांनी फार घाई केली. मला वाटलं, मुहूर्त चांगला असेल.

शेवटचा सामना माझ्या सासरच्या गावात होता, जिंकेल त्याची लीग. सासूबाई आणि मी सकाळपासून पुरण वाटत होतो. माहेरचा संघ ट्रकमधून उतरला तो प्रत्येकाच्या काखेत भाकरीचं फडकं. आबा सासऱ्यांना हात जोडून म्हणाले, "गावची लेक दिलीया हितं. नातवंड होईस्तोवर लेकीच्या गावात आमी पानी बी पीत न्हाई."

रीत खरीच होती, तिला कोण काय बोलणार? पोळ्या तशाच राहिल्या आणि माझ्या डोक्यात उजेड पडला. मुहूर्तबिहूर्त काही नव्हतं, पंगत चुकवायला मला उजवली होती. मी अशी भडकले की सामना बघायलाही जाणार नव्हते. पण गेले.

सामना बरोबरीत अडकला होता. शेवटी शेवटी आबा आमच्या ह्यांच्या गोलामागे येऊन उभे राहिले आणि त्यांनी मला हाताने बोलावलं. मी तावातावाने गेले.

"आबा, माजं लगीन लीगपायी लावलं व्हय?"

आबांनी टोपी काढून घाम पुसला. "न्हाई गं. पोरगा पयल्या सामन्यालाच हेरला हुता. हातात आल्यालं सोडत न्हाई त्यो. तवाच ठरिवलं, माजी लेक ह्याच्याच हातात द्यायची."

मला रडूच कोसळलं. हुंदका ऐकून ह्यांनी मागे वळून बघितलं, आणि नेमका तेव्हाच बॉल ह्यांच्या कानाजवळून आत गेला. लीग माहेरी गेली. हे मला त्यावरून एका शब्दानं बोलले नाहीत, आणि त्या दिवशी मला हा माणूस मनापासून आवडला.

पुढं मुलगा झाला तेव्हा आबा पहिल्यांदा माझ्या घरी जेवायला बसले. पुरणपोळ्या वाढता वाढता मी विचारलं, त्या दिवशी ते सांगायला गोलामागचीच जागा बरी सापडली तुम्हाला?

आबांनी मान वर केली नाही. "वाढ आजून एक," म्हणाले.

मी मोजून नऊ वाढल्या.