स्वेटरकाकांची मशीनं

हर्नडन या आमच्या अमेरिकन गावात ऑगस्टमध्ये उन्हात उभ्या गाडीचं स्टिअरिंग धरवत नाही. अशा ऑगस्टमध्ये आमच्या लायब्ररीच्या पार्किंगमधून एक गृहस्थ कोपरांवर रफू केलेला लोकरीचा स्वेटर घालून सावकाश चालत यायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, यांना ताप असावा. मग कळलं की ते जिथे दिवसभर बसतात त्या तळघरात लायब्ररीची सर्व्हर मशीनं आहेत, आणि ती तापू नयेत म्हणून तिथला एसी इतका चालतो की की-बोर्डवर बोटं आखडतात. गावातली मराठी मंडळी त्यांना स्वेटरकाका म्हणायची. ते मूळचे नागपूरचे. "लहानपणी इतकं ऊन खाल्लं ना पोरी, ते अजून उतरवतोय," असं म्हणून स्वतःच हसायचे.

मी त्यांच्या हाताखाली कॉन्ट्रॅक्टवर लागले, तेव्हा ते निवृत्तीला आले होते. लायब्ररीतली पुस्तकं, सभासद, कोणी काय नेलं, काय परत आलं, हे सगळं त्या तळघरातल्या मशीनांवर चालायचं. सकाळी आल्यावर काका कॉम्प्युटर उघडायच्या आधी मशीनांच्या रॅकपाशी नुसते उभे राहायचे. पंख्यांचा आवाज ऐकायचे, मागून येणाऱ्या हवेपुढे तळहात धरायचे. मी म्हटलं, "काका, टेंपरेचर स्क्रीनवर दिसतं ना." ते म्हणाले, "दिसतं की. पण घरी आल्यावर माणसाची तब्येत आपण स्क्रीनवर बघतो का?"

एका गोष्टीत मात्र ते कमालीचे कडक होते. पुस्तक परत आलं की ते कोणी नेलं होतं ही नोंद पुसली गेलीच पाहिजे. मशीन ते आपोआप करायचं, तरी काका मधूनमधून स्वतः तपासायचे. एकदा एक माणूस काउंटरवर आला. नीटनेटका, गोड बोलणारा. आपल्या बायकोने इथून याआधी कुठली पुस्तकं नेली होती ते त्याला हवं होतं. काउंटरवरची मुलगी घाबरली आणि तिने आम्हाला वर बोलावलं. काकांनी त्याला शांतपणे सांगितलं, "ती माहिती आमच्याकडे नाही." तो म्हणाला, "नाही, की द्यायची नाही?" काका म्हणाले, "द्यायची तर नाहीच. पण असती तरच तो प्रश्न आला असता."

तो गेल्यावर तळघरात येऊन काकांनी परत आलेल्या पुस्तकांच्या नोंदी पुसल्या गेल्यात ना, ते पुन्हा एकदा तपासलं. मग म्हणाले, "बाईने नवऱ्यापासून सुटायचं कसं, याचं पुस्तक नेलेलं असू शकतं. मला माहीत नाही. माहीत नाही म्हणून मी त्याच्या डोळ्यांत बघून बोलू शकलो."

पुढे मशीनं जुनी झाली. लायब्ररीची प्रमुख डायना एक दिवस खाली आली आणि तिने काकांना विचारलं, नवीन मशीनं घ्यायची की क्लाउडवर जायचं? म्हणजे स्वतःची मशीनं ठेवायचीच नाहीत. एखाद्या मोठ्या कंपनीच्या मशीनांवर जागा भाड्याने घ्यायची आणि सगळं इंटरनेटवरून चालवायचं. काकांची शिफारस बोर्ड मान्य करणार, असं ती म्हणाली.

मी क्लाउडच्या बाजूची होते आणि ते मी काकांना सांगितलंही. तळघरात पाणी शिरलं तर? एसी बंद पडला तर? काका मान हलवत ऐकायचे. "तुझं बरोबर आहे. ते बुडणार नाहीत, आपण बुडू. पण तिकडे पुसलं म्हणजे खरोखर पुसलं का, हे मला कोण सांगेल?" त्यांनी एका कंपनीच्या सेल्समनला फोनवर हाच प्रश्न विचारला. पुसलेली नोंद तुमच्या बॅकअपमधूनही जाते का, आणि कधी? तो उत्साहाने म्हणाला, सर, इट्स ऑल हँडल्ड. काकांनी पुन्हा विचारलं, त्यानेही तेच उत्तर पुन्हा दिलं. फोन ठेवून काका म्हणाले, "हँडल्ड. कोणी केलं, ते त्यालाही माहीत नाही बिचाऱ्याला."

मला वाटलं, शेवटी काका तळघराच्याच बाजूने लिहिणार. तसं झालं नाही, त्याचं कारण काकू.

काकूंना विसर पडायला लागला होता. आधी गॅस, मग पोरीचं नाव, मग घराचा रस्ता. मुलगी अनुजा टेक्ससला, शुगर लँडला असते, तिथेच डॉक्टर आहे. ती फोनवर सारखं म्हणायची, "बाबा, यू कान्ट डू धिस अलोन." काका "हो हो" म्हणायचे आणि एकटेच सगळं करायचे.

एका रविवारी तळघरातला एसी बंद पडला. मेकॅनिक संध्याकाळशिवाय येणार नव्हता. काकांनी मला फोन केला आणि काकूंना घरी एकटं ठेवता येईना म्हणून बरोबर घेऊन आले. त्यांना खुर्चीत बसवलं, हातात केळं सोलून दिलं. मी वरून टेबलफॅन आणायला गेले. काका एकेक मशीन बंद करत होते. मी परत आले तेव्हा खुर्चीत केळं होतं आणि काकू नव्हत्या. सामान उतरवायचं मागचं दार उघडं होतं.

काका "सुमन, सुमन" अशा हाका मारत पार्किंगमध्ये धावले. गाड्यांच्या मधून, झुडपांच्या मागे, रस्त्याच्या कडेने. तसल्या उन्हात माणूस किती वेळ चालू शकेल, हे दोघांच्याही मनात होतं. मी पोलिसांना फोन केला. शेवटी काकू पलीकडच्या चौकातल्या पेट्रोल पंपावर सापडल्या. पंपावरच्या माणसाने त्यांना आत खुर्ची दिली होती, पाणी दिलं होतं. काकूंनी काकांकडे परक्या माणसाकडे बघावं तसं बघितलं आणि नागपूरच्या बसस्टॉपवर उभं असल्यासारखं विचारलं, "अहो, बर्डीची बस गेली का?"

"नाही गेली," काका म्हणाले. "चला, मी सोडतो."

त्याच आठवड्यात त्यांनी शिफारस लिहिली. क्लाउड. मी वाचून म्हटलं, "काका, तुम्हाला हे पटलेलं नाही. मी शिकते ना सगळं. मी सांभाळेन तळघर."

त्यांनी विचारलं, "तुझं वर्क परमिट?"

माझं परमिट नवऱ्याच्या व्हिसावर अवलंबून होतं, आणि त्याचा व्हिसा त्याच्या कंपनीवर. मुदतवाढीचा अर्ज जाऊन कितीतरी दिवस झाले होते. मी शिफारशीचा कागद परत त्यांच्यापुढे ठेवला.

"बघ," ते म्हणाले. "मशीनं नवीन येतील. रविवारी धावत येणारं माणूस कुठून आणू? मी आता येऊ शकत नाही. तुला येऊ देतील की नाही, ते तुझ्या हातात नाही."

बोर्डाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांनी शिफारस उचलून धरली. एका सदस्याने काकांचं कौतुक केलं, या वयातही तुम्ही काळाबरोबर आहात म्हणून. काकांनी थँक यू म्हटलं. नोंदी पुसण्याचं कलम करारात घाला, एवढी एकच मागणी त्यांनी केली. कंपनीने कळवलं की करार सगळ्यांसाठी एकच असतो. तिथे तो विषय संपला.

मशीनं बंद करायच्या दिवशी मी खाली गेले. काकांनी एकेक बटण दाबलं. शेवटचा पंखा थांबला तेव्हा इतकी वर्षं त्या आवाजामागे दडलेला छतावरच्या ट्यूबलाइटचा गुणगुणाट पहिल्यांदा ऐकू आला. काकांनी वर बघितलं आणि म्हणाले, "हिचा चोक बदलायला हवा होता." महिनाभराने घर विकून ते काकूंना घेऊन शुगर लँडला गेले. विमानतळावर मी पाया पडले, तर काकूही माझ्या पाया पडायला वाकल्या. काकांनी त्यांना हळूच उभं केलं.

माझं परमिट मिळालं, नोकरीही राहिली. गेल्या हिवाळ्यात एका दुपारी आमची सगळी यंत्रणा बंद पडली. काउंटरवर रांग, डायना माझ्याकडे बघते आहे आणि क्लाउड कंपनीच्या वेबसाइटवर एकच ओळ: आमचे लोक काम करत आहेत. काय करावं सुचेना म्हणून मी काकांना फोन लावला.

"काही करू नकोस," ते म्हणाले. "कागदावर लिहून पुस्तकं दे. सुरू होईल तेव्हा होईल."

फोनमध्ये त्यांच्या मागे गाड्यांचा आवाज येत होता. मी विचारलं, "काका, कुठे आहात?"

"सुमनच्या सेंटरवर." अनुजाने काकूंना घराजवळच्या एका केअर सेंटरमध्ये ठेवलं होतं. "म्हणजे बाहेर, गाडीत. आत कोणालातरी फ्लू झालाय म्हणून या आठवड्यात व्हिजिटर्स बंद आहेत."

"कशा आहेत काकू?"

"बरी आहे म्हणतात."

मी ड्रॉवरमधून कोरे कागद काढले. मग तेच म्हणाले, "तिची खिडकी दिसते इथून. पडदा लावलाय. कोणी उघडला तर बघावं म्हणून बसलोय. तू जा, तुझ्याकडे लोक थांबलेत."